आमेनबाईंच्या प्रार्थनेतली नावं

आमेनबाईंच्या प्रार्थनेत माझं नाव रोज येत असे, आणि पहिले कित्येक महिने मी या गोष्टीचा उघड उघड तोरा मिरवला.

जयपूरच्या तिलक नगरातल्या त्या दुमजली घरात आम्ही वर राहत होतो आणि त्या खाली. दिवेलागणीला त्या नवऱ्याच्या पलंगाशेजारी वेताच्या बुटक्या मुढ्यावर बसत, डोळे मिटत आणि खणखणीत आवाजात देवाशी बोलायला लागत. वर जाणारा जिना त्यांच्या खिडकीला लागून होता. झालाना भागातल्या ऑफिसातून तापून-भाजून येणारा मी नेमका त्या वेळी जिन्यावर असे. "हे प्रभू, वर राहणाऱ्या अविनाशला तू चांगली झोप दे, त्याच्या हातापायांना हलकेपणा दे," असं कानावर आलं की मी पायरीवरच थबके. मग छाती काढून वर जाई आणि शुभाला, म्हणजे बायकोला सांगे, "ऐकलंस? सख्ख्या आईनं कधी माझ्या हातापायांसाठी देवाकडे शब्द टाकला नाही."

"तुम्ही काय केलंय हो त्यांचं एवढं?"

"गॅसचा सिलिंडर उचलून दिला होता."

"एकदाच ना?"

"भावना बघायची असते, शुभा."

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण गल्लीतल्या बायका त्यांना 'आमीनवाली आंटीजी' म्हणत, म्हणून मी मनातल्या मनात आमेनबाई म्हणायला लागलो. तोंडावर अर्थात मावशी. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या. नवरा, आमचे भास्करकाका, रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. बदलीनं जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले, क्वार्टर सोडून या घरात आले आणि वर्षाच्या आतच अर्धांगवायूनं पलंगाला खिळले. मूलबाळ नव्हतं. मी विमा कंपनीतला बदलीचा माणूस, मूळ साताऱ्याचा, आणि रागाच्या बाबतीत पूर्ण स्वयंपूर्ण.

आमेनबाई प्रार्थना करत ती आपण फोनवर बोलतो तशी. वेळ-काळ काही नसे. चहाचा कप तोंडाला लावण्याआधी, भाजीच्या गाडीपाशी, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर. सुरुवातीचा 'हॅलो' म्हणजे 'हे प्रभू' आणि फोन ठेवला की 'आमेन'. मधलं सगळं घरगुती. एका थंडीत आमच्या मराठी मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर गेली होती. बाट्या वाढून झाल्या, तूप पाघळायला लागलं आणि कुणीतरी म्हणालं, मावशी, तुमची प्रार्थना होऊन जाऊ द्या. त्यांनी डोळे मिटले आणि अन्नाचे आभार मानून झाल्यावर मंडळाच्या चिटणीसाचं नाव घेऊन म्हणाल्या, "तुझा सेवक सुधाकर खूप धावपळ करतो, प्रभू. त्याला शांत डोकं दे, आठवण दे." चिटणीस असा काही फुलला की त्यानं त्यांच्या पानात चूरमा दोनदा वाढला. मला मात्र हेवा वाटला. आतापर्यंत त्यांच्या प्रार्थनेत गल्लीतला मीच एकटा मान्यवर होतो.

हा फुगा भास्करकाकांनी फोडला. रविवारी सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. त्यांचे शब्द अडखळत, तुटून येत, पण डोक्यातला खट्याळपणा जागच्या जागी होता. मी बढाई मारली, "काका, मावशींच्या प्रार्थनेत मी रोज असतो बरं का."

काका हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी पाजलं, पुन्हा हसले.

"राग," ते म्हणाले. "राग आहे. तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"जिच्यावर... ज्याच्यावर राग... त्याचंच नाव." आणि चालता असलेला उजवा हात उचलून त्यांनी बोटानं छत दाखवलं. "खाट."

मग मला उलगडा झाला. रोज रात्रीची जेवणं झाली की मी आमची लोखंडी खाट भिंतीपासून पंख्याखाली ओढत असे. जमिनीवरून जी किंचाळी निघे ती बरोबर काकांच्या डोक्यावर. 'हातापायांना हलकेपणा दे' याचा अर्थ त्या क्षणी माझ्या टाळक्यात उतरला. 'सुधाकरला आठवण दे' याचाही. काकांना झोपवून नेता येईल अशी गाडी त्या सहलीला आणतो म्हणून चिटणीसानं कबूल केलं होतं, आणि तो सपशेल विसरला होता. काका त्या दिवशी घरी छताकडे बघत पडून होते.

"आणि काका, तुमचं नाव?"

"रोज," काका म्हणाले. "सगळ्यात आधी." त्यांच्या डोळ्यांत असा काही अभिमान चमकला की मला पुन्हा हेवा वाटला.

ते खरंच होतं. एरवी त्या नवऱ्याला 'अहो' म्हणत, लोकांत 'हे' म्हणत. त्यांच्या पिढीत नवऱ्याचं नाव कोण घेतं? पण देवापुढे बसल्या की पहिलं नाव 'भास्कर'. आजारी पडल्याबद्दल त्या नवऱ्यावर रोज नव्यानं रागावत आणि रोज नव्यानं ते देवाला सांगत.

मी फणफणत स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "मावशी, खाटेचं मला तोंडावर सांगायचं ना!"

त्या कणीक मळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तोंडावर सांगायला गेले असते तर खाटेवर थांबले नसते, अविनाशराव. तुमच्या आईबापापर्यंत गेले असते. त्यापरीस त्याला सांगितलेलं बरं. तो गाळून घेतो."

"म्हणजे तुम्हाला राग येतो?"

"न यायला काय झालंय? चांगली धडधाकट आहे मी." मग हात धुऊन त्यांनी मला आपली पद्धत सांगितली, एखादी लोणच्याची कृती सांगावी तशी. ज्याच्यावर राग आलाय त्याचं आधी नाव घ्यायचं. मग त्याच्यासाठी एक तरी चांगली गोष्ट मागायची, ओढूनताणून का होईना. आणि शेवटी म्हणायचं, मी बरोबर असले तरी मला खाली ठेव.

"बरोबर असलात तर खाली कशाला?"

"चुकलेला माणूस आपसूकच खाली असतो. बरोबर असलेलाच वर चढून बसतो नि मग त्याला उतरता येत नाही. आमच्या प्रभूचं सगळं बरोबर होतं. तो टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धूत बसला. मला खाटेचा आवाज सोसवेना, माझी काय मिजास?"

मी त्याच दिवशी खाटेच्या पायांना रबरी बुचं बसवली. आवाज थांबला, आणि दोन-तीन दिवसांत प्रार्थनेतलं माझं नावही थांबलं. जिन्यावर उभा राहून मी ऐकायचो: भास्कर, सुधाकर, दूधवाला... आमेन. मला चुकल्या चुकल्यासारखं व्हायला लागलं. एकदा तर बुचं काढून टाकावीत असं मनात आलं. शुभानं माझ्याकडे असं पाहिलं की विचार तिथेच सोडला.

इथवर हसत सांगितलं. पुढचं सांगताना माझी कानशिलं अजून तापतात.

आमचे घरमालक महेशजी बाजूच्याच घरात राहत. गोड माणूस. दिसले की दोन्ही हात जोडून 'राम राम सा' म्हणत, अगदी वाकून. त्यांच्या मनात खालचा मजला रिकामा करून तिथे कोचिंगच्या मुलांसाठी हॉस्टेल काढायचं आलं. एका खोलीत चार-चार पलंग, वर एक-एक कूलर. त्यांनी आमेनबाईंना घर सोडायला सांगितलं. त्या म्हणाल्या, दुसरी जागा मिळाली की जातो. मी त्यांच्याबरोबर जागा बघत हिंडलो. तळमजला हवा, दार स्ट्रेचर जाईल एवढं हवं. पलंगावरचा पेशंट आहे म्हटलं की निम्मे मालक तिथेच संपत. उरलेले आडनाव विचारत, मग 'मंदिर कौनसा जाते हो' विचारत, आणि उत्तर ऐकलं की त्यांना अचानक आठवे की जागा तर पुतण्याला दिलेली आहे. रिक्षातून परतताना मी एकेका मालकाचा उद्धार करत होतो. आमेनबाई बाहेर बघत म्हणाल्या, "एवढ्या सगळ्यांची नावं घ्यायची म्हणजे आज सैपाकाला उशीर होणार."

मे महिना लागला आणि खालच्या नळाचं पाणी बंद झालं.

गच्चीवर दोन टाक्या होत्या, एक आमची, एक खालची. महेशजी म्हणाले, मोटर खराब आहे. पण आमची टाकी भरत होती. खालच्या टाकीत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हला साखळी बांधून कुलूप घातलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. ज्या घरात पडून असलेला माणूस आहे, रोज अंग पुसायचं आहे, चादरी धुवायच्या आहेत, पाठीला जखमा व्हायला लागल्या आहेत, कूलरमध्ये पाणी नाही घातलं तर खोलीची भट्टी होते, त्या घराचं पाणी. जयपूरच्या मे महिन्यात. आमेनबाईंनी ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या माणसानं 'आपस में सुलझा लो, माताजी' म्हणून पंखा आपल्याकडे वळवून घेतला.

मग मी कंबर कसली. आता माझा पराक्रम ऐका. भर दुपारी, लूचे गरम वारे सुटलेले असताना, पाना घेऊन मी गच्चीवर चढलो. डोळ्यांपुढे लाल दिसत होतं, त्यात काळ्या टाक्या दोन्ही सारख्याच. कुलपाच्या नादी न लागता सरळ खालचा पाइपच मोकळा करावा म्हणून मी जोर लावला. पाइप सुटला. पाणी धो धो वाहायला लागलं. ते आमच्या टाकीचं होतं. सगळी गच्ची भिजली, पन्हळीतून गल्लीत धबधबा पडला, आणि कुठूनसा एक मोर येऊन माझ्यासमोर निवांत पाणी प्यायला. शुभा वर आली, टाकीत डोकावली आणि म्हणाली, "छान. आता दोन्ही घरांत समता आली."

दुसऱ्या दिवशी मी महेशजींच्या दिवाणखान्यात जाऊन ओरडलो. रागात माझी हिंदी आधीच लंगडी होते. महेशजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कैरीचं पन्हं मागवलं आणि 'भाईसाहब, आपका गुस्सा बिल्कुल वाजिब है' असं म्हणाले. मी दोन ग्लास प्यायलो आणि 'थोड़ा आप देखिए, थोड़ा हम देखते हैं' असं काहीतरी कबूल करून घरी आलो. जिना चढताना लक्षात आलं की आपण नक्की काय कबूल केलं ते आपल्यालाच माहीत नाही.

त्याच संध्याकाळी खिडकीतून आवाज आला: "हे प्रभू, महेशजींचे गुडघे फार दुखतात. मी त्यांना जिना चढताना पाहिलंय. त्यांना आराम दे."

मी तडक आत शिरलो. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलू नये एवढंही भान राहिलं नाही. "तो जिना तुमचं पाणी तोडायलाच चढतो, मावशी!"

त्यांनी एक डोळा उघडला. "ठाऊक आहे. आमेन म्हणेस्तोवर थांबा."

थांबलो. "मी बरोबर असले तरी मला खाली ठेव," असं म्हणून त्यांनी आमेन केलं आणि माझ्याकडे वळल्या. "आज सकाळी नळाखाली रिकामी बादली ठेवून मी त्या माणसाला काय काय बोलले ते तुम्ही ऐकलं नाही. ऐकलं असतंत तर माझ्यासाठी तुम्हीच गुडघे टेकले असते. राग आहे म्हणून तर नाव घेते. काय मागावं कळंना, मग गुडघे आठवले."

"म्हणजे हात जोडून घर सोडणार?"

"कशापायी? यांना हलवायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत. मी नमून बसले म्हणून उठून जाईन असं कोण म्हणालं? हे इथं, या पलंगावर आहेत तोवर मी हलत नाही. ते महेशजींनाही सांगितलंय." पलंगावरून काकांनी उजवा हात उचलून या म्हणण्याला अनुमोदन दिलं.

मला त्या नमण्याचा राग येत होता, आणि न हलण्याचा अभिमान वाटत होता. दोन्ही एकाच बाईचं आहे हे मला जमवता येत नव्हतं.

मग तो दिवस आला. दुपारी काकांना उष्म्यानं घेरी आली होती. डॉक्टर येऊन गेले होते. आमच्याकडून नि शेजारून बादल्यांनी आणलेल्या पाण्यानं आमेनबाई त्यांचं अंग पुसत बसल्या होत्या. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर जिन्यावर, खिडकीपाशी महेशजी उभे, 'कब खाली करोगे' विचारायला आलेले. आतून प्रार्थना चालू झाली होती. त्या दिवशी आमेनबाईंचा आवाज घोगरा होता, फाटत होता. महेशजींना मराठी येत नव्हतं. त्यांना फक्त आपलं नाव ऐकू येत होतं. महेशजी... महेशजी... आणि मध्ये एक हुंदका गिळल्यासारखा आवाज... महेशजी.

त्यांचा चेहरा उतरला. "भाईसाहब, ये मेरा नाम ले-ले के क्या बोल रही हैं?"

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुमच्या गुडघ्यांसाठी मागताहेत. पण माझ्या अंगात सगळा मे महिना उसळला होता. मी चेहरा गंभीर केला आणि आवाज खाली आणला.

"आपको नहीं पता? जाने दीजिए."

"नहीं नहीं, बताइए."

"दीया-बत्ती के टाइम जिसका नाम लेती हैं ना..." मी मान हलवली. "पहले मेरा लेती थीं."

"फिर?"

"फिर क्या. कमर गई. आज तक खाट नहीं खींच पाता."

हे शब्दशः खरं नव्हतं, पण खाट ओढणं बंद झालं होतं हे तर खरंच होतं. महेशजींनी कठडा धरला. एकेक पायरी, ते दुखरे गुडघे सांभाळत, मागे न बघता उतरून गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या नळाला असं पाणी आलं की बादली उलटली.

मी आनंदानं वेडा झालो. काकांना मनसोक्त आंघोळ घालता आली, चादरी धुतल्या गेल्या, कूलर काठोकाठ भरला. आमेनबाई म्हणाल्या, प्रभूनं ऐकलं. मी म्हटलं, ऐकलं तर. शुभाला तेवढं खरं सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, "त्यांना कळलं तर?"

कळायला दोनच दिवस लागले. महेशजी मिठाईचा डबा घेऊन आले, मुढ्यासमोर जमिनीवरच बसले आणि हात जोडून म्हणाले, "आंटीजी, पानी चालू कर दिया है. अब मेरा नाम छोड़ दीजिए."

आमेनबाईंना क्षणभर काही कळेना. मग त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. महेशजींनी मीच दिलेली माहिती, कमरेसकट, त्यांना ऐकवली. मी महेशजींच्या पाठीमागून दोन्ही हातांनी खुणा करत होतो: नको, मावशी, नको. काहीही बोलू नका. नुसतं 'ठीक है' म्हणा.

त्या बराच वेळ त्या माणसाच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "महेशजी, मैंने आपको कोई शाप-वाप नहीं दिया. आपके घुटनों के लिए माँग रही थी. ये अविनाशजी ने आपको झूठ बोला. डरिए मत. मेरे नाम लेने से आपका कुछ बुरा नहीं होगा."

महेशजींनी माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रंग परत आला. ते उठले, हात जोडले, 'राम राम सा' म्हणाले, अगदी वाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी खालचा नळ सूं करून वाजला आणि गप्प झाला.

माझ्या आयुष्यात मी इतका कुणावर भडकलो नसेन. मी खाली जाऊन अक्षरशः ओरडलो. "मावशी, पाणी आलं होतं! घरात पाणी आलं होतं! तुम्हाला फक्त गप्प बसायचं होतं!"

"आलं होतं," त्या म्हणाल्या.

"तुमच्या खरेपणाचं काकांच्या पाठीला विचारा!"

आणि मग आमेनबाई भडकल्या. त्यांना तसं मी आधी पाहिलं नव्हतं. हातातलं फडकं त्यांनी पलंगाच्या दांड्यावर आपटलं. "काकांची पाठ मी पुसते, अविनाशराव, तुम्ही नाही. मला सांगू नका. माझ्याकडं साऱ्या जगात एकच जागा आहे जिथं जाऊन मला बसता येतं. तिथं तुम्ही भूत आणून बसवलंत. अन् तुम्हाला खरं सांगू? तो माणूस माझ्यापुढं हात जोडून बसला ना, तेव्हा मला गोड वाटलं. असं गोड, की पोटात गुदगुल्या झाल्या. वाटलं, बस असाच. रोज येऊन बस. मी त्याचं नाव घेत राहीन नि तो घाबरत राहील." त्यांचा आवाज चिरला. "मी चढले होते. पार वर. आणखी एक मिनिट गप्प राहिले असते तर मला उतरता आलं नसतं. मग पाणी कुणासाठी मागत होते मी, यांच्यासाठी का माझ्या मिजाशीसाठी?"

मी दांड्यावरचं फडकं उचलून त्यांच्या हातात दिलं. पटलं म्हणून नाही. मला ते आजही पूर्ण पटलेलं नाही. दोन घोट गोड वाटलं असतं तर कुणाचं काय बिघडत होतं? तहानलेल्या घरानं खरं-खोटं बघावं, आणि ज्यानं पाणी तोडलं त्यानं काहीच बघू नये, हा कुठला हिशेब? काका मात्र पलंगावरून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठांत हसू होतं. बायकोनं नवऱ्यादेखत दुसऱ्या कुणावर इतकं रागावावं, याची त्यांना गंमत वाटत असावी.

त्या संध्याकाळी मी जिन्यावर उभा राहिलो. "भास्कर," खिडकीतून आलं. आणि त्यानंतर, महेशजींच्याही आधी: "अविनाश."

पाण्याचा प्रश्न शुभानं सोडवला. ती बाजारातून लांब रबरी नळी घेऊन आली, एक टोक आमच्या बाथरूमच्या नळाला लावलं आणि दुसरं सज्ज्यातून खालच्या खिडकीत सोडलं. आमचं घर कंपनीच्या करारावर होतं, त्यामुळे आमच्या टाकीला हात लावायची महेशजींची छाती नव्हती. हे इतकं सोपं होतं. पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. पण मी रागात होतो ना, मला फक्त पाना सुचला. नळीतून पहिलं पाणी आलं तेव्हा खालून आमेनबाईंची हाक आली, "शुभाताई, आमेन!"

काका पाऊस यायच्या थोडं आधी गेले. दुपारी, स्वतःच्या पलंगावर, धुतलेल्या चादरीवर, कूलर चालू असताना. शेवटपर्यंत त्यांना कुणी हलवलं नाही. दफनाहून आल्यावर खालच्या खोलीत थोडे लोक बसले. पाळकसाहेब होते, मंडळाचा चिटणीस होता. महेशजीही आले, पांढरा कुर्ता घालून, आणि कोपऱ्यात बसले. त्यांच्याकडे बघून माझ्या मुठी वळत होत्या.

आमेनबाई मुढ्यावर बसल्या आणि डोळे मिटले. मी सवयीनं पहिल्या नावाची वाट पाहू लागलो. ते आलंच नाही. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मेलेल्या माणसासाठी मागत नाहीत हे मला नंतर कळलं. नंतर त्यांनीच सांगितलं, "आता हे त्याच्याकडंच आहेत. त्याला मी यांच्याबद्दल काय नवीन सांगणार?" पण त्या वेळी मला एवढंच कळलं की जिथे रोज 'भास्कर' असायचं तिथे त्या श्वास घेऊन क्षणभर थांबल्या आणि मग पुढे गेल्या.

मी महेशजींच्या नावाची वाट पाहिली. मला ते हवं होतं. आज तरी ते घ्यायलाच हवं होतं, मोठ्यानं, त्याच्यासमोर. तेही आलं नाही. महेशजींनी सुटकेचा श्वास टाकला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, की त्याच्यावरचा राग संपला होता, आणि संपला म्हणून तो यादीतून गेला होता! मी मनातून पेटलो. काकांच्या पाठीचं काय? त्या सगळ्या रिकाम्या बादल्यांचं काय? इतक्या लवकर कसा संपतो राग? माझा तर संपत नाही. मी काय, आता एकट्यानं हा राग वाहायचा?

"आणि अविनाश," आमेनबाई म्हणाल्या. "प्रभू, त्याची जीभ सांभाळ. तो मनानं चांगला आहे. मी बरोबर असले तरी मला खाली ठेव. आमेन."

सगळ्या खोलीत नाव माझ्या एकट्याचंच. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं मी काकांसाठी रडतोय. तसंही होतंच.

पुढच्याच महिन्यात त्या नगरला बहिणीकडे गेल्या. घर आपणहून सोडलं, किल्ली महेशजींच्या हातात दिली आणि त्यांना म्हणाल्या, 'घुटनों को तेल लगाइए'. आता खाली कोचिंगची मुलं राहतात. महेशजी भेटले की आजही वाकून राम राम करतात. मी आजही उत्तर देत नाही.

प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा दिवेलागणीला जिन्यावर उभा राहून, इकडेतिकडे बघून, मी आमेनबाईंची कृती करून पाहिली. नाव घेतलं. मग एक चांगली गोष्ट मागायची. 'महेशजींचे गुडघे' इथवर आलो, आणि पुढे तोंडून आपोआप 'असेच दुखत राहोत' आलं. पुन्हा सुरुवात केली. 'मी बरोबर असलो तरी' एवढं मला फार छान जमतं. कितीही वेळा म्हणायला सांगा. त्याच्या पुढचे तीन शब्द घशात अडकतात.

नाताळला आमेनबाईंचा फोन येतो. शुभाशी बोलतात, जयपूरची थंडी विचारतात, बहिणीच्या सुनेच्या तक्रारी सांगतात, आणि फोन ठेवण्यापूर्वी नेहमीसारखं 'प्रार्थना करू या' म्हणतात. मी शुभाच्या हातून फोन घेऊन कानाशी घट्ट धरतो. बहिणीच्या सुनेचं नाव येतं. तिथल्या कुणा दळणवाल्याचं येतं. मी श्वास रोखून उभा असतो. माझ्यावरचा राग अजून आहे का, हे त्यांना विचारायची माझी हिंमत नाही, कारण त्या खोटं बोलत नाहीत.

"आणि हे प्रभू, जयपूरचा अविनाश," त्या म्हणतात.

मी श्वास सोडतो. अजून रागावलेल्या आहेत. आमेन.